कानाच्या थेंबांच्या तीन बाटल्या: आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये एके सकाळी आंघोळ करून बाहेर आलो आणि डाव्या कानाला दडा बसला तो बसलाच. उड्या मारून झाल्या, नाक दाबून फुंकून झालं, काही उपयोग नाही. मळ आधीपासून साठलेला असतो, पाणी गेलं की फुगतो आणि भोक बुजतं, हे नंतर कळलं.

औषधाच्या दुकानातून मळ विरघळवायचे थेंब आणले. पॅराडायक्लोरोबेन्झीन २ टक्के, बेन्झोकेन २.७, क्लोरब्युटॉल ५ आणि टर्पेंटाइन तेल १५ टक्के. वास थेट रंगाच्या दुकानाचा. पहिले दोन दिवस दडा आणखी घट्ट झाला, कारण मळ भिजून अजून फुगतो. घाबरू नका. पाचव्या दिवशी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी पिचकारीने धुतलं, तर शेंगदाण्याएवढा, मनुक्याच्या रंगाचा गोळा ट्रेमध्ये पडला. बाहेर पडल्यावर रिक्षाचा आवाज असह्य वाटला! थोडक्यात, थेंब मळ मऊ करतात. निघायला पुष्कळदा पिचकारीच लागते. कुठले थेंब सरस, याचं ठाम उत्तर २०१८ सालच्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) नाही. साध्या पाण्यापेक्षा किंवा सलाइनपेक्षा ते बरे, असंही तिथे सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे महागाच्या मागे लागलो नाही. डिसेंबरात पुन्हा जड वाटलं तेव्हा सोडा-ग्लिसरीनचे थेंब वापरले. आग नाही, वास नाही. मला तेच जास्त मानवले.

खरी चूक ऑगस्टमध्ये केली. बाहेर धो धो पाऊस, कान दिवसभर हेडफोनमध्ये, आणि आत अशी खाज की बोट थांबेना. वाटलं, मळच. तीच टर्पेंटाइनवाली बाटली उचलली आणि दोन थेंब सोडले. डोळ्यांतून पाणी आलं. आई म्हणाली, "अरे, लसूण घालून तेल कोमट कर नि सोड, आम्ही काय मेलो का?" तेवढं ऐकलं नाही, हे नशीब.

डॉक्टरांनी कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा दाबला आणि मी ओरडलो. ही खूण लक्षात ठेवा: तो दाबून किंवा पाळी ओढून दुखलं, तर बहुतेक बाहेरच्या नळीत संसर्ग असतो. दुर्बिणीतून स्क्रीनवर दाखवलं, ओल्या वर्तमानपत्राचा लगदा आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी. आधी सक्शनने साफ केलं, मग क्लोट्रिमॅझोल १ टक्का आणि लिग्नोकेन २ टक्के असलेले थेंब दिले, दोन आठवडे. चौथ्या दिवशी खाज थांबली म्हणून मी बंद केले. दहाव्या दिवशी खाज हजर. दुसऱ्यांदा मुकाट्याने पूर्ण कोर्स केला.

तिसरी बाटली बायकोची. पोहायला जाऊन तिचा कान सुजला, घास चावतानाही ठणका. तिला सिप्रोफ्लॉक्सासिन (जिवाणू मारणारं अँटिबायोटिक) आणि डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) असलेले थेंब मिळाले, गुण दोन दिवसांत. ती बाटली माझ्या बुरशीवाल्या कानात घातली असती, तर बुरशीचंच फावलं असतं. डॉक्टरांनी तिला आधी विचारलं होतं, कान कधी वाहिला होता का? कानाच्या पडद्याला भोक असेल तर काही थेंबांत असणाऱ्या निओमायसिनसारख्या अँटिबायोटिकने ऐकूच कमी येऊ शकतं आणि मळाचे थेंबही चालत नाहीत. म्हणून कान वाहत असेल, ताप असेल किंवा मधुमेह असून रात्रभर ठणकत असेल, तर दुकानदाराला विचारत बसू नका.

थेंब घालायची पद्धत मला कुणी सांगितली नव्हती. एकदा फ्रिजच्या दारातली बाटली तशीच वापरली आणि अख्खी खोली फिरली; गार थेंबांनी चक्कर येते. आता बाटली दोन मिनिटं मुठीत धरतो. कुशीवर आडवं व्हायचं, पाळी वर आणि मागे ओढायची (अगदी लहान मुलांची खाली आणि मागे), थेंब सोडून पाच मिनिटं पडून राहायचं. बाटलीचं टोक कानाला टेकवायचं नाही. बाटली उघडल्याची तारीख मार्करने लिहितो, महिन्याने टाकतो.

इअर बड्सचा डबा आईने शिवणयंत्राच्या खाचेतली धूळ काढायला नेला. सवयीने हात अजून त्या फळीकडे जातो.