शिकस्त शाळा: दुरुस्ती करून घ्यावी, की पाडून नवी मागावी?

शाळेचा स्लॅब गळायला लागला की गावात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "पाडा अन् नवी बांधा." दुसरी म्हणते, "अजून दहा वर्षं चालते, वरून डांबर टाका." तिसरं मत सभेत कोणी मांडत नाही, पारावर मात्र सगळे बोलतात: पोट्टे कॉन्व्हेंटात टाका, नाहीतर बाजूच्या गावी पाठवा. विदर्भातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर तुम्ही असाल, किंवा सरपंच असाल, तर या तिन्हींचा हिशेब मांडल्याशिवाय ठराव लिहू नका.

त्याआधी एक गोष्ट बाजूला काढा. त्या खोलीत मुलं बसवायची का, हा प्रश्न इमारतीचं पुढे काय करायचं यापासून तोडून टाका. खोलीला कुलूप लावायला निधी लागत नाही. समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना पोच घेऊन दिलेलं पत्र, एवढं पुरतं. नगर जिल्ह्यात निंबोडीला २०१७ मध्ये वर्गखोली कोसळून मुलं दगावली. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला जुलै २०२५ मध्ये शाळेचं छत पडून सात मुलं गेली. दोन्ही ठिकाणी पावसाळा होता आणि शाळा भरलेली होती. "निधी येईपर्यंत बसू द्या" हे वाक्य ज्या सभेत निघेल, तिथे ते कोण म्हणालं हे कार्यवृत्तात नावानिशी लिहायला लावा. बोलणारा लगेच गप्प होतो.

आता दुरुस्ती. गावात हिला फार हलकं समजतात, आणि माझ्या मते तिथेच गाडी अडते. नुसतं छत गेलं आणि भिंती शाबूत, अशा खोल्या आपल्याकडे भरपूर आहेत. जुन्या कवेलूच्या शाळेत वासे वाळवीने खाल्लेले असतात, पण विटेची जाड भिंत ओळंब्यात उभी असते; तिथे छत बदललं की खोली परत मिळते. (टिना टाकणार असाल तर खाली उष्णतारोधक थर आणि उंची दोन्ही मागा. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, तरी टिनाखालचा दुपारचा तास काय असतो ते मास्तरांना विचारा.)

स्लॅबच्या खोलीत अभियंता यायच्या आधी स्वतः बघून घ्या. लांब काठीने छत ठोका. आवाज बोदा आला, तर गिलावा सुटलाय. पोपडे पडून सळया दिसत असतील आणि गंजून फुगल्या असतील, तर वरून कितीही वॉटरप्रूफिंग करा, पैसा पाण्यात. भेगा भिंतीत असतील तर त्यांची दिशा पाहा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून जोत्यापर्यंत गेलेली, उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग ही काळ्या मातीची करामत असते: माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि पायाला सोबत ओढते. अशी भेग सिमेंटने बुजवली तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी उघडते. तिथे दुरुस्तीचा हट्ट धरू नये.

दुरुस्तीला पैसा कुठून? समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार. त्यातच खडू, वीजबिल, स्वच्छता. त्या पैशात छत होत नाही, त्यामुळे मुख्याध्यापकांवर डोळे काढण्यात अर्थ नाही. खरा पैसा जिल्हा वार्षिक योजनेत असतो, आणि तिथे दुरुस्ती व नवीन वर्गखोली हे वेगळे मथळे आहेत. नव्या खोल्यांच्या यादीत शेकडो शाळा रांगेत असताना दुरुस्तीत नंबर लवकर लागू शकतो. ग्रामपंचायतीच्या हातात पंधराव्या वित्त आयोगाचा निधी होता, पण २०२१ ते २०२६ या काळात त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले. शाळेचं स्वच्छतागृह त्यातून बसवता यायचं. छतासाठी उरलेल्या अबंधित ४० टक्क्यांकडेच पाहावं लागायचं, आणि तिथे नाली, रस्ता, पथदिवे आधीच ठाण मांडून असायचे.

नवी इमारत हवी तर वाट निर्लेखनातून, म्हणजे जुनी इमारत सरकारी नोंदीतून काढून टाकण्यातून जाते, आणि ही वाट लांब का आहे ते समजून घेतलेलं बरं. समितीचा व ग्रामसभेचा ठराव, फोटो, बांधकामाचं वर्ष, नमुना ८ (ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीचा उतारा), मग पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाची पाहणी, शिकस्त असल्याचा दाखला, जिल्हा परिषदेची मंजुरी, जुन्या सामानाचं मूल्यांकन, लिलाव. हे सगळं झालं की जुनी खोली कागदावरून जाते. नवी अजून कुठेच नसते. तिला पुन्हा वेगळी प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायचं पत्र). मध्ये आचारसंहिता लागली की काम जिथल्या तिथे. एका खोलीचं अंदाजपत्रक आता सहज दहा लाखांच्या पुढे जातं, म्हणून चार खोल्या मागणाऱ्या शाळेला पहिल्या वर्षी एक मिळते. पहिलीत बसलेलं पोर चौथी पास होऊन निघून जातं, एवढा काळ यात सहज जातो.

सगळ्यात वाईट फसगत मधल्या टप्प्यावर होते. निर्लेखन झालं, इमारत पाडली, सागवान लिलावात गेलं, आणि नव्या खोलीचा आदेशच नाही. वणीकडच्या एका गावात दोन वर्ग समाजमंदिरात भरत होते. लग्नाची तिथी आली की शाळेला सुट्टी. एक आई म्हणाली, "आधी गळत होतं, पण शाळा तं होती." म्हणून निर्लेखनाचा प्रस्ताव जरूर पाठवा, पण खोलीला कुलूप घालून ती रिकामी उभी राहू द्या आणि पाडकाम नव्या खोलीच्या कार्यारंभ आदेशाशी बांधून घ्या. ठरावात तसं स्पष्ट लिहा. इमारत अगदी कलली असेल, रस्त्यावर किंवा खेळत्या मुलांवर पडेल अशी असेल, तर मात्र थांबू नका.

कागदावरची एक छोटी चूक दोन्ही वाटांवर आडवी येते. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, खोली 'चांगली' किंवा 'किरकोळ दुरुस्ती' अशी भरलेली असते, आणि तुमचा प्रस्ताव म्हणतो की ती शिकस्त आहे. वरच्या टेबलावर बसलेला माणूस यू-डायस बघतो. माहिती भरली जात असतानाच मुख्याध्यापकांच्या बाजूला बसून तो रकाना तपासा.

तिसरा पर्याय, मुलं बाजूच्या गावी. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. तात्पुरती सोय म्हणून एखादा पावसाळा हे ठीक. पण २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्यासाठी शासनाने २०२३ मध्ये प्रस्ताव मागवले होते, हे विसरू नका. तुमचा पट अठरा-वीसवर असेल आणि मुलं वर्षभर दुसरीकडे बसली, तर नव्या खोलीची गरजच काय, असं तुम्हालाच विचारतील. अशा गावाने अंगणवाडी, ग्रामपंचायतीचं सभागृह, दोन पाळ्या, काहीही करावं, पण हजेरीपट गावात ठेवावा.

मी समितीवर असतो तर सगळी इमारत नवी मागण्याच्या भानगडीत पडलो नसतो. भिंती शाबूत असलेल्या खोल्या दुरुस्तीच्या मथळ्यात, आणि पाया गेलेली एकच खोली निर्लेखन व नवीन बांधकामात, असे दोन वेगळे प्रस्ताव एकाच दिवशी दिले असते. पट मोठा आणि सगळी इमारत काळ्या मातीत खचलेली असेल, तर अर्थात पूर्ण नवीच; फक्त मग पायाचा आराखडा मातीच्या तपासणीवर करायला लावा, नाहीतर पंधरा वर्षांनी तुमची पोरं याच सभेला बसतील.

काही गावांना आणखी दारं आहेत. चंद्रपूर, यवतमाळचा वणी पट्टा, नागपूरचा कोळसा आणि भंडाऱ्याचा मँगनीज पट्टा इथे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणवाल्यांकडून जमा होणारा) निधी आहे आणि शिक्षण त्याच्या उच्च प्राधान्याच्या क्षेत्रात येतं. गडचिरोली, मेळघाटातल्या पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) गावांनी ग्रामसभेचा ५ टक्के निधी तपासावा. आमदार निधी वर्षाला ५ कोटी असतो, पण एका मतदारसंघात शाळा किती ते मोजा. आमदारांकडे एका खोलीचीच मागणी घेऊन जा, आणि सोबत उपअभियंत्याच्या सहीचं अंदाजपत्रक न्या. नुसतं निवेदन फायलीत जातं.

आणि वेळ साधा. पुढच्या वर्षाच्या जिल्हा योजनेचे आराखडे हिवाळ्यात बनतात, ग्रामपंचायतीचा विकास आराखडाही त्याच सुमारास. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला तर पाहणी आणि अंदाजपत्रक दिवाळीपर्यंत हातात येऊ शकतं. २६ जानेवारीला ठराव घेतला की याद्या बहुतेक वर गेलेल्या असतात.