सहाशे एकोणपन्नासच्या जोड्यांपायी पंधरा हजार गेले

गूगलवर 'कस्टमर केअर' टाकल्यावर जो नंबर सगळ्यात वर दिसतो, त्यावर फोन लावू नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा.

माझे १५,१४७ रुपये गेले. जोड्यांपायी.

खरं तर मला नवीन जोडे घ्यायचेच नव्हते. जुन्यांना बाजाराच्या दिवशी मोच्याकडून ८० रुपयांत टायरचा सोल मारून घेतला होता. वावरात तेच, मयतीला तेच, लग्नालाही तेच. पण पोरीची सोयरीक जुळत आली आणि घरातून सुरू झालं, "व्याह्याच्या दारात हे खेटरं घालूनच जासान का?" म्हणून तालुक्याच्या दुकानात गेलो. त्यानं १,२५० सांगितले, १,१०० वर उतरला. मी ९०० च्या वर सरकलो नाही, उठून आलो. आता कोणी म्हणेल, चिंगूस मेला, दोनशे रुपयांसाठी गेला. म्हणा. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता आणि त्या भावानं माझं एक पोतंही विकलं गेलं नाही. हमीभावानं धरलं तरी गेलेली रक्कम पावणेतीन क्विंटलच्या वर माल होते. दोनशे रुपये सोडावेत की नाही, हे मला कोणी शिकवू नये.

त्याच रात्री फेसबुकवर जाहिरात दिसली. कारखाना बंद होतोय, शेवटचा स्टॉक, अस्सल चामडं, ५९९ फक्त. घरपोच पैसे देण्याचे ५० वेगळे. आधी एक रुपया द्यायचा नव्हता म्हणूनच मागवले. माल हातात आल्यावर दाम, यात मूर्खपणा काय आहे? आमचा सगळा बैलबाजार याच रीतीवर चालतो. फरक एवढाच की बैलाचे दात पाहू देतात आणि कुरिअरवाला डबा उघडू देत नाही.

फाट्यावर गाडी लावून कुरिअरचा पोरगा म्हणाला, "काका, पयले पैसे द्या, मंग खोला. आमाले खोलून दाखवाले मनाई हाय." ६४९ मोजून दिले. डबा हातात घेतला तेव्हाच हलका लागला होता. चामड्याच्या जोड्याला वजन असतं, हे मला काय माहीत नव्हतं? चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं नाव भलतंच होतं, पत्ता अर्धाच. पण मागून एसटी हॉर्न वाजवत होती, पोरगा गाडीला किक मारत होता, आणि मी घेतला.

आत रेक्झिन. तळाला पुठ्ठा. नऊ नंबर मागवला होता, आला सहा.

पैसे द्यायच्या आधी चिठ्ठीचा फोटो काढा, डबा उघडताना दुसऱ्याला व्हिडिओ काढायला लावा. आणि मागवण्याआधी साइटच्या तळाशी जाऊन पाहा. कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता, तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावंच लागतं, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं आहे. या साइटवर फक्त एक ईमेल होता आणि तोही परत येत होता.

लोक सांगतात, ६४९ वर पाणी सोडायचं होतं. ६४९ वर पाणी सोडणारा माणूस ९०० वर अडून बसला असता का?

तर गूगलवर नंबर शोधला. तिकडचा माणूस हिंदीत, एकदम नम्र. 'सर जी' शिवाय बोलत नव्हता. ऑर्डर नंबर विचारला, थांबायला लावून गाणंही वाजवलं. मग म्हणाला, खातं तपासतो, आणि खरोखर माझ्या खात्यात १ रुपया आला. त्या एका रुपयानं मला मारलं. मग व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवला. स्कॅन करा, रकमेच्या जागी रिफंडचा कोड टाका, चार नऊ नऊ आठ. आणि पिन.

इथे. नेमकं इथे. पैसे घेताना पिन लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. कृषी केंद्रात खताचे पैसे मी असेच देतो, पिन टाकला की माझ्याकडून जातात. भावाला पाठवतो तेव्हा पिन मी टाकतो, तो टाकत नाही. त्या घटकेला डोक्यात आलंही होतं की हा पिन कशाला मागतोय? पण तो सारखा बोलत होता. 'जल्दी सर जी, दो मिनट में कोड एक्सपायर हो जाएगा.' माणसाला विचार करायला जागाच ठेवत नाहीत हे लोक, धंदाच त्यावर चालतो. मी पिन टाकला. ४,९९८ गेले. तो म्हणाला, सर्व्हरमध्ये अडकले, आता नऊ पाच शून्य शून्य टाका, दोन्ही एकदम परत येतील. ज्याचे पाच हजार डोळ्यांदेखत अडकलेत, त्यानं काय करावं? ९,५०० गेले. तिसरा कोड सांगत होता तेव्हा पोरीनं हातातून मोबाइल हिसकला.

पोरीनंच लगेच १९३० लावला, ऑनलाइन फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. लागता लागेना. लागला तेव्हा तक्रार घेतली, नंबर दिला. समोरच्याच्या खात्यात पैसे असले तर तिथेच गोठवता येतात, पण वेळेत कळवलं तर. म्हणून रडण्याआधी, घरच्यांना सांगण्याआधी १९३० लावा.

मग बँक. काउंटरवरची बाई म्हणते, पोलिसांचं पत्र आणा. ठाण्यात गेलो तर म्हणे, बँकेचं स्टेटमेंट आणा, तेही शिक्क्याचं. शिक्का मारणारे साहेब मीटिंगला. स्टेटमेंट घेऊन गेलो तर हवालदार इतरांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काका, जोड्यापायी पंधरा हजार? सोन्याचे होते का?" सगळे हसले. वर सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही, सायबरला जा. येत कसं नाही? १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. हे मी सांगितलं तर म्हणे, वकील आहात का? मोटरसायकल चोरीला गेली असती तर निदान खुर्ची दिली असती. मोबाइलवर लुटलेला माणूस यांना गुन्हेगारापेक्षा जास्त विनोदी वाटतो. चोर कुठे बसलाय ते यांना माहीत नाही, आणि मी पिन का टाकला हे प्रत्येक टेबलावर विचारतात.

बँकेचं लेखी उत्तर आलं: पिन ग्राहकानं स्वतः टाकला, बँक जबाबदार नाही. तोंडी उत्तरावर परतू नका, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्याच. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. मी केली आहे. जोड्यांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला सांगितलं. आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फीही नाही. पण नोटीस पाठवायची कुठे? त्या अर्ध्या पत्त्यावर?

सोयरीक जुळली. व्याह्याकडे टायरच्याच सोलवर गेलो, आणि त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलंही नाही.

ती जाहिरात परवा पुन्हा दिसली. दुकानाचं नाव बदललंय, फोटो तोच तपकिरी जोडा, भाव आता ५४९. दिसली तर तिथल्या तिथे रिपोर्ट करा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दाखवून ठेवा.