पालकांच्या मेलसाठी गूगल ग्रुप्स

आमची शाळा रावेर तालुक्यातली. निम्मे पालक केळीवाले. कटाई लागली की माणूस दिवसभर बागेत. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली सूचना रात्रीपर्यंत 'सुप्रभात' आणि फुलांखाली गाडली जाते. म्हणून फी, निकाल, सहलीचं संमतीपत्र असलं जपून ठेवायचं काम मी गूगल ग्रुप्सवर नेलं. पैसे लागत नाहीत.

इयत्तेप्रमाणे गट, गटाला एकच मेल-पत्ता; त्यावर पाठवलं की गटातल्या सगळ्यांना पोचतं. नुसत्या जीमेलवरून पाठवायचं तर दिवसाला ५०० जणांची मर्यादा, शिवाय बीसीसीऐवजी (तिथे पत्ते लपलेले राहतात) सीसीत (तिथे सगळ्यांना दिसतात) नावं पडली की सगळ्यांचे पत्ते गावभर. इथे ती धास्ती नाही.

खरी मेख सेटिंगमध्ये आहे. पोस्ट करायचा आणि सदस्ययादी पाहायचा हक्क फक्त गटाच्या मालक आणि व्यवस्थापकांकडे ठेवा. नाहीतर कोणी "सर, पोऱ्याना डबा घरच राही गया" लिहिलं, की सातवीच्या घराघरांत डबा पोचलाच समजा! पालकांची उत्तरंही गटाला न जाता व्यवस्थापकाकडेच येतील असं करता येतं.

अडतं ते आमंत्रणाशी. ते पालकाने स्वतः स्वीकारावं लागतं, आणि आमच्याकडे कित्येकांचं जीमेल मोबाइलच्या दुकानदाराने उघडून दिलेलं. पासवर्ड त्यालाच ठाऊक. त्यामुळे पालकसभेतच, एकेकाचा फोन हातात घेऊन, हे उरकावं. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली, असला तातडीचा निरोप मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरच द्या. मेल रोज उघडणारे इथे थोडेच.

पाचपैकी चार तारे.