चेनसॉच्या कार्ब्युरेटरचा स्क्रू सैल होतोय: नवी स्प्रिंग की टेफ्लॉन टेप?

भाऊ, तू विचारलंस म्हणून दोन्ही सांगतो. एच स्क्रू (फुल स्पीडला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) आपोआप बाहेर आला की मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, धूर वाढतो, दम जातो, आणि आयडलचा (रेस न देता मशीन चालू ठेवणारा) स्क्रू सैल झाला की मशीन बंदच पडतं. मूळ कारण बहुतेक वेळा स्क्रूखालची बारीक स्प्रिंग, ती दबून मेली की पकड संपली.

खर्च म्हणशील तर टेप जवळपास फुकट, प्लंबरकडची चालते, पेट्रोलने विरघळत नाही. पण गुंडाळायची फक्त आट्यांवर, स्क्रूच्या सुईसारख्या टोकाला तुकडा गेला तर जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) अडकेल आणि मग बस कार्ब्युरेटर खोलत. शिवाय प्रत्येक ट्युनिंगला ती झिजते. स्प्रिंगला मापाची शोधाशोध आहे खरी, पण बसवली की विषय संपला, कितीही वेळा फिरव. जुनीच ओढून लांब करणं म्हणजे टाइमपास.

काहीही कर, काढण्याआधी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन किती फेरे लागले ते लिहून ठेव, नाहीतर परत बसवताना लीन (पेट्रोल कमी) झालं तर पिस्टन जाम.

जंगलात अडकलास तर टेप, रोजचं लाकूडकाम असेल तर स्प्रिंगच घे, आणि जमलं तर हँडलचे व्हायब्रेशन (थरथर) शोषणारे रबरही बघून घे.