कंटिन्युअस की कंटिन्युअल: रिपोर्टमध्ये कोणता लिहावा?

शब्दकोशातला फरक तुम्हाला ठाऊक असेलच. मध्ये खंडच नसेल तर कंटिन्युअस, थांबत थांबत पण चालूच असेल तर कंटिन्युअल. तरी लिहिताना बोट अडतं, कारण आपल्या डोक्यात आधी येतो तो 'सतत', आणि तो दोन्हीकडे चालतो. 'सकाळपासून सतत पाऊस आहे' आणि 'सकाळपासून सतत फोन येतायत' यांतला फरक मराठीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत मात्र शेपूट निवडावंच लागतं, आणि मग कानावरून जास्त गेलेला कंटिन्युअस आपसूक टाइप होतो.

त्याची बाजू कमकुवत आहे असं मुळीच नाही. जागेतला अखंडपणा सांगायचा तर तोच हवा. कागदावरची सलग रेघ किंवा सांधे वेल्ड करून जोडलेला लांबच लांब रूळ, इथे कंटिन्युअल चालणारच नाही. त्याचा संबंध फक्त काळाशी. गणितातलं फंक्शन, व्याकरणातला चालू काळ, पोलाद कारखान्यातलं कास्टिंग ही नावं तर कायमची ठरून गेली आहेत. काही ठिकाणी ती तर्काला जरा लंगडी पडतात. कंटिन्युअस ग्लुकोज मॉनिटर साखरेचा आकडा ठरावीक मिनिटांनीच देतो, आणि सॉफ्टवेअरमधल्या कंटिन्युअस इंटिग्रेशनमध्येही कोड दिवसातून अनेकदा, पण तुकड्यातुकड्यानेच जोडला जातो. पण म्हणून ही नावं दुरुस्त करायला जाऊ नये. लोक हसतील.

प्रश्न उरतो तो आपण स्वतः रचलेल्या वाक्याचा. तिथे माझा कल ठरवला तो 'कंटिन्युअस मॉनिटरिंग'ने.

एका ठिकाणच्या एसओपीत (काम कसं करायचं ते लिहून ठेवलेल्या कार्यपद्धतीत) जुन्या टेम्प्लेटमधून एक वाक्य जसंच्या तसं आलेलं होतं: कोल्ड रूमचं तापमान 'कंटिन्युअसली' तपासलं जाईल. प्रत्यक्षात ड्युटीवरचा माणूस दर तासाला आकडा बघून रजिस्टरमध्ये लिहायचा. काम चोख, एकही रकाना रिकामा नाही. ऑडिटरने नऊच्या आणि दहाच्या नोंदीमधल्या रेघेवर पेन टेकवलं आणि शांतपणे विचारलं, "आणि याच्या मधलं?" आता यावर काय बोलणार? कागद त्याच्याच बाजूने होता. मग लेखी खुलासा, एसओपीची सुधारित आवृत्ती, पुन्हा सगळ्यांच्या सह्या. तापमान एका अंशानेही बिघडलेलं नसताना!

हाच तो वैताग. कंटिन्युअस आपल्या वतीने एक हमी देऊन मोकळा होतो, आणि एक फट सापडली की अख्खं वाक्य खोटं ठरतं. कंटिन्युअल एवढी मोठी उडी मारत नाही. (तिथे खरं तर 'दर तासाला' एवढंच लिहिणं सगळ्यात शहाणपणाचं होतं, आणि नव्या आवृत्तीत तेच गेलं.)

कंटिन्युअलचा एक त्रास आधीच सांगतो: तो लिहिला की वरिष्ठांना टायपो वाटतो आणि ते निमूटपणे कंटिन्युअस करून पाठवतात. वास्तविक दोघांत थोरला तोच. तो इंग्रजीत १४व्या शतकापासून आहे, कंटिन्युअस १७व्या शतकातला. पण ऑफिसात शब्दाचं वय सांगून कुणी ऐकत नाही. आयएसओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, नाव काढलं तर ऐकतात. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकात सुधारणेसाठी 'कंटिन्युअल इम्प्रूव्हमेंट' असंच म्हटलंय. आयएसओ १४००१ या पर्यावरणाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत तर, परिशिष्टात का होईना, मुद्दाम खुलासा केलाय की कंटिन्युअलमध्ये मधले खंड गृहीत आहेत, म्हणून सुधारणेला हाच शब्द योग्य. भिंतीवरच्या क्वालिटी पॉलिसीत मात्र बऱ्याचदा कंटिन्युअसच दिसतो. असो.

दुसरी अडचण सुराची. कंटिन्युअल बऱ्याचदा तक्रारींच्या, व्यत्ययांच्या, कटकटींच्या सोबतीने येतो, त्यामुळे त्याला किंचित कुरकुरीचा वास लागलाय. आभाराच्या ईमेलमध्ये 'कंटिन्युअल सपोर्ट' लिहिलं तर समोरचा रागावणार नाही बहुधा, पण कानाला खटकतं. तिथे या दोघांनाही बाजूला ठेवून 'कंटिन्यूड' लिहावा.

मशीन खरोखरच क्षणभरही थांबत नसेल, सेन्सरचा आलेख मध्ये कुठेही तुटत नसेल, तर कंटिन्युअस बिनधास्त वापरा. जिथे माणूस फेरी मारून बघतो, बैठका ठरावीक काळाने होतात, प्रशिक्षण अधूनमधून दिलं जातं, तिथे मी तरी कंटिन्युअल लिहितो. वरिष्ठांनी बदललाच, तर परिशिष्टाचं ते पान जोडून एकदा परत पाठवतो. दुसऱ्यांदाही बदलला तर सोडून देतो, फक्त ज्या वाक्यावर आपली सही जाणार आहे तेवढं धरून बसतो.