सॅनच्या कंट्रोलरची माहिती कुठून बघावी: ब्राउझर, कमांड लाइन, सर्व्हर की सीरियल केबल?

तालुक्याच्या पतसंस्थेत किंवा दवाखान्यात सॅनचा डबा (अनेक सर्व्हरना नेटवर्कवरून डिस्क पुरवणारं स्टोरेज) बसवून देणारा इंजिनिअर नागपूरला परततो. मग मे महिन्यात डब्यावर पिवळा दिवा लागला, की बघायचं तिथल्याच माणसाला. कंपनीला फोन लावला की पहिले प्रश्न ठरलेले: कंट्रोलर (डबा चालवणारं कार्ड, सहसा दोन असतात) ए की बी, फर्मवेअर (त्यातलं सॉफ्टवेअर) कोणतं, सीरियल नंबर काय. ही उत्तरं काढायचे चार रस्ते आहेत आणि चारही सारख्या कामाचे नाहीत.

नवख्याला ब्राउझर सोपा. डब्याच्या मागच्या बाजूचं चित्रच दिसतं, बिघडलेला भाग वेगळ्या रंगात येतो. पण पान जड असतं. लाइन गेली, ब्रॉडबँडही बसलं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून बघायची वेळ आली, तर चक्र नुसतं फिरत राहतं. काही जुन्या डब्यांना टीएलएस (ब्राउझर आणि डब्यातलं संभाषण सुरक्षित ठेवणारी पद्धत) १.० च्या पुढचं येत नाही, त्यामुळे आजचे ब्राउझर ते पान उघडतच नाहीत.

रोजच्या कामाला आमची पसंती एसएसएचवरून (लांबून सुरक्षितपणे आत शिरायची सोय) कमांड लाइनला, म्हणजे आज्ञा टाइप करून मजकुरात उत्तर घेण्याला. चार ओळींचा मजकूर कसल्याही नेटवर येतो आणि फाइलमध्ये ठेवता येतो. मागच्या आठवड्याच्या फाइलशी ताडून पाहिला की काय बदललं ते लगेच कळतं. एचपीई एमएसए किंवा डेल एमई४ या डब्यांवर आधी ‘सेट सीएलआय-पॅरामीटर्स पेजर ऑफ’ द्या, नाहीतर दर पानाला मजकूर अडतो. मग ‘शो कंट्रोलर्स’. त्यात आधी ‘स्टेटस’, ‘हेल्थ’ आणि ‘फेल्ड ओव्हर’ बघा. ‘फेल्ड ओव्हर’समोर ‘येस’ असेल, तर एकाचा भार दुसरा ओढतोय. काम चालू दिसतं, पण आधार एकाचाच उरलेला असतो.

सीरियल नंबरात हमखास घोळ होतो. ‘शो कंट्रोलर्स’मध्ये दिसतो तो कार्डाचा नंबर, सपोर्टचा करार सहसा चेसिसच्या (अख्ख्या डब्याच्या) नंबरावर असतो. ‘शो फ्रूज’ चालवून दोन्ही लिहून ठेवा. आयबीएमच्या स्टोअरवाइज घराण्यात वेगळीच गंमत आहे. ‘एलएसकंट्रोलर’ त्याच्या मागे जोडलेल्या दुसऱ्या स्टोरेजची माहिती देतं; स्वतःच्या कंट्रोलरसाठी ‘एलएसनोडकॅनिस्टर’ लागतं.

कमांड लाइनचा धोका एकच, हात चुकणं. ‘रीस्टार्ट एमसी’ फक्त व्यवस्थापनाचा भाग परत चालू करतं, डेटा चालूच राहतो. ‘रीस्टार्ट एससी’ने मात्र तो कंट्रोलरच रीस्टार्ट होतो आणि त्याचे पाथ (सर्व्हरपासून त्याच्यापर्यंतचे डेटाचे रस्ते) तुटतात. म्हणून बघण्यापुरतं ‘मॉनिटर’ हक्काचं वेगळं खातं करा, ॲडमिनने आत शिरू नका. लॅपटॉपवरच्या ओपनएसएसएच या एसएसएच प्रोग्रॅममध्ये ८.८ (२०२१) पासून एसएचए-१ची जुनी आरएसए सही (डब्याची ओळख पटवायची जुनी पद्धत) सुरुवातीच्या सेटिंगमध्येच बंद आहे. जुना डबा नव्या लॅपटॉपला नकार देत असेल, तर पासवर्डला दोष देण्याआधी हे तपासा.

सर्व्हरवरून बघणं म्हणजे लिनक्सवर ‘मल्टिपाथ -एलएल’, विंडोजवर ‘एमपीक्लेम -एस -डी’. इथे कंट्रोलरचं तापमान, कॅशची (तात्पुरत्या मेमरीची) अवस्था काहीच दिसत नाही, फक्त पाथ दिसतात. एएलयूए (कोणता पाथ पसंतीचा ते डब्याने सर्व्हरला सांगायची पद्धत) असलेल्या डब्यावर लिनक्समध्ये मालक कंट्रोलरचे पाथ साधारण ‘प्रायो=५०’ आणि दुसऱ्याचे ‘प्रायो=१०’ असे येतात. ५० वाले ‘फेल्ड फॉल्टी’ आणि १० वाले ‘ॲक्टिव्ह’ असतील, तर आधी केबल आणि एसएफपी (केबल जिथे खोचतात तो छोटा मोड्यूल) तपासा. कंट्रोलर धडधाकट असूनही असं दिसू शकतं. म्हणून केवळ यावर विसंबून कार्ड मागवू नका. पडताळणीला मात्र याच्यासारखं दुसरं नाही.

वेळेचंही भान ठेवा. डब्याचं घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असेल, तर दुपारी ४:४० ला वीज कडाडून लाइन गेल्याची नोंद लॉगमध्ये सकाळी ११:१० ची दिसते, आणि लोक भलत्याच घटनेमागे लागतात.

उरली सीरियल केबल. दोन्ही कंट्रोलरचे आयपी हरवले किंवा नेटवर्कच मेलं, तेव्हा हीच. एमएसएवर वेग ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. कित्येक मॉडेलांवर पोर्ट मिनी-यूएसबीचा असतो, मोबाइलची केबल त्यात बसत नाही. विंडोजच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर आधीच टाकून ठेवा, कारण ज्या दिवशी ही केबल लागते त्या दिवशी नेट नसतं. एमएसएला डीएचसीपीवरून (नेटवर्ककडून आपोआप) पत्ता मिळाला नसेल तर १०.०.०.२ आणि १०.०.०.३ हे पत्ते आधी करून पाहा. पुष्कळदा सीरियल केबल लावायचीही गरज पडत नाही.