पीएम विश्वकर्मा की युवा कार्य प्रशिक्षण: कोणती सरकारी योजना कोणासाठी बरी?

धारावीत मशीनवर बसणाऱ्या शिंप्यासाठी पीएम विश्वकर्मा बरी. २०२३ ची ही केंद्राची योजना १८ पारंपरिक व्यवसायांपुरती. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० चं ई-व्हाउचर, पुढे पाच टक्के व्याजानं टप्प्याटप्प्यानं तीन लाखांपर्यंत कर्ज. रोजंदारीवाल्याला आठवडाभर खाडा परवडतो, महिनोन्‌महिने नाही. मात्र लाभ घरटी एकालाच. नवरा-बायको आणि अविवाहित मुलं म्हणजे एक घर; लग्न झालेले भाऊ वेगळे.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ची. विद्यावेतन बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआयला ८,०००, पदवीला १०,०००. वयोमर्यादा १८ ते ३५. कामाचा अनुभव मिळतो, नोकरीची हमी नाही. आणि विरारहून लोकलनं येऊन सहा हजारांत भागवायचं? आईबापाकडे राहणाऱ्यालाच जमेल. दहावी नापास आणि आयटीआयही नाही, त्याला तर दारच बंद.